तळाची फळी

१

"फळी कुठंय?"

सुतार ओरडला, आणि ताज्या रंगाचा वास येणाऱ्या त्या मोकळ्या हॉलमध्ये त्याचा आवाज भांडं पडल्यासारखा घुमला.

टेबलावर वयाचा मनोरा उभा होता. लोकसंख्या संशोधन संस्थेची ओळख म्हणजे हा मनोरा. फाटकावर तोच, पाकिटांवर तोच, चहाच्या कपावरसुद्धा तोच. साठ वर्षांपूर्वी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत संस्था सुरू झाली. तेव्हा संस्थापकांनी, ज्यांना सगळे अजूनही थोरले सर म्हणतात त्यांनी, गावाची पहिली पाहणी करून तिचे आकडे लाकडात उतरवले होते. एका उभ्या चौकटीला खाचा, प्रत्येक खाचेत एक फळी, खणासारखी सरकवलेली. त्या वयाची माणसं जितकी जास्त तितकी फळी लांब. सगळ्यात वर ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांची बोटभर चिप आणि सगळ्यात खाली शून्य ते चार वर्षांच्या पोरांची हातभर फळी.

आता तिथं नुसती खाच होती. देवळाबाहेरून चप्पल पळवलेल्या माणसासारखा मनोरा ओशाळा दिसत होता.

आवाज ऐकून संचालिका मॅडम आल्या, उपसंचालक आले, ग्रंथपाल आले. सगळ्यांत शेवटी बाबागाडी ढकलत पुन्हाबाई आली. हे तिचं नाव नव्हे, पण संस्थेत खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी आठवायचं. घरोघर जाऊन माणसांना प्रश्न विचारणं हे तिचं काम, आणि उत्तर मिळालं की "पुन्हा एकदा सांगता?" म्हणणं ही तिची खोड. त्यावरून ती पुन्हाबाई. गाडीत तिची आठ महिन्यांची टिल्ली हातपाय झाडत होती.

"तीन वाजता समिती येतेय," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. संस्थेला विद्यापीठाचा दर्जा द्यायचा की नाही, ते ही समिती ठरवणार होती. दोन खोल्यांचे पाच मजले झाले होते, दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी येत होते, आता एवढा एकच मजला चढायचा राहिला होता. आणि ज्या मनोऱ्यासमोर समितीला बसवायचं, त्याचा पायाच गायब.

"मॅडम, दार एकच, खिडक्यांना गज, आणि दारात मी," रखवालदार छाती काढून म्हणाला. फौजेतून आलेला म्हणून त्याला सगळे हवालदार म्हणत. "थोरल्या सरांची तसबीर लावून झाल्यावर सगळे बाहेर पडले, मी कुलूप घातलं. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती घेतलीय. सुईसुद्धा गेली नाही इथून."

"मग फळीला काय पाय फुटले?" ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी नाकावरचा चष्मा वर ढकलला आणि तो थेट पुन्हाबाईवर रोखला. "कुणावर आळ घ्यायचा नाही मला. पण सकाळपासून फोटो लावायला मनोऱ्याशेजारी याच होत्या. आणि आज पाळणाघर बंद ठेवलं म्हणून कुरकुरतही याच होत्या. नेमकी पोरांचीच फळी जावी, बरा योगायोग आहे."

पुन्हाबाईचे कान तापले. कुरकुरली होती हे खरं. पाहुण्यांच्या कानावर रडणं पडू नये म्हणून आज तळमजल्यावरचं पाळणाघर बंद होतं, आणि ते कायमचंच बंद करून तिथं संगणकाची खोली करायची, अशीही कुजबुज होती. तिची नेमणूक तात्पुरती. कायम करायची की नाही, ते मॅडम याच आठवड्यात ठरवणार होत्या. सासूबाई दुसऱ्या गावी, नवरा फिरतीवर. पाळणाघर गेलं तर नोकरी गेली, आणि चोरीचा शिक्का बसला तर सगळंच.

"पोलीस नकोत," मॅडम म्हणाल्या. "प्रश्न विचारणं हाच आपला धंदा आहे. पुन्हाबाई, तुम्ही विचारा सगळ्यांना."

"अहो, चोराच्याच हाती किल्ल्या देताय!" ग्रंथपाल उसळले.

"त्या चोर असतील तर फळी येईल, नसतील तर चोर येईल. आपला तोटा कशात आहे?" मॅडम वळल्या. मग आवाज उतरला. "पण तीनपर्यंत दोन्ही आले नाहीत, तर समितीला काय झालं ते सांगावं लागेल. तुमच्यावरच्या संशयासकट. माझा नाइलाज होईल."

२

पाहणीला निघणाऱ्या प्रत्येक बाईला संस्थेत पहिल्याच दिवशी एक गोष्ट घोकून घ्यावी लागते. घरात माणसं किती, असं विचारलं की लोक खोटं बोलत नाहीत, पण विसरतात. कोपऱ्यातली म्हातारी विसरतात, कालच आलेला पाहुणा विसरतात. म्हणून उत्तर मिळालं तरी उठायचं नाही. पुन्हा विचारायचं.

पुन्हाबाईनं गाडी व्हरांड्यात सावलीला घेतली. टिल्ली आज गाडीत स्वस्थ पडत नव्हती, सारखी कण्हत कुशीला वळायला बघत होती. पुन्हाबाईनं तिच्या कपाळाला हात लावला, मग स्वतःच्या, मग परत तिच्या. ताप नव्हता. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. मुलीचा डावा मोजाही कुठं गळाला होता कोण जाणे.

पहिला सुतार. तो पायरीवर बसून रंधा पुसत होता.

"सकाळी तसबीर लावताना हॉलमध्ये कोण कोण होतं?"

"पाच जण," सुतार बोटांवर मोजत म्हणाला. "मी शिडीवर. मॅडम खाली उभ्या, ते चष्मेवाले, ते उपसंचालक, आणि तुम्ही. तुम्हीच तर तसबिरीची खालची कड धरून होता. तिकडच्या भिंतीशी आपण सगळे आणि मनोरा पार या टोकाला. माझं तोंड भिंतीकडं. मला मागचं काय दिसणार? मला काय पाठीला डोळे आहेत?"

"आणि फळी? शेवटची कधी हाताळलीत?"

"काल. पॉलिश करताना." सुताराचा हात थांबला. "एक सांगू? ती फळी अखंड नव्हती. एका टोकाला दोन बोटं रुंदीचा तुकडा जोडलेला. लाकूडही वेगळं, काळपट. पण काय सांधा होता! केस घालू म्हटलं तरी जायचा नाही. मी म्हटलं, वर रंग मारून एकजीव करून टाकू. तर मॅडम म्हणाल्या, खबरदार, त्या सांध्याला हात लावलात तर."

"का?"

"ते मी कशाला विचारू? मी सुतार माणूस, पाहणीवाला थोडाच आहे." तो हसला. मग पुढं म्हणाला, "पण त्या सांध्यावरून दोघांचं वाजलं होतं बरं का. चष्मेवाले म्हणत होते, ही वस्तू हाताळायची नव्हे, माझ्या काचेच्या कपाटात द्या. आणि तुमचे ते उपसंचालक म्हणत होते, जोडलेलं लाकूड पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. मॅडमनी दोघांनाही दाद दिली नाही."

म्हणजे फळीवर नजर दोघांची होती.

३

उपसंचालकांना संस्थेत दशांशसर म्हणत. कुणी साधं "किती वाजले" विचारलं तरी ते सेकंदासकट सांगत. त्यांच्या टेबलावर नव्या पुस्तकांचा गठ्ठा होता. संस्थेचा साठ वर्षांचा इतिहास त्यांनीच लिहिला होता आणि तीन वाजता समितीच्या हस्ते त्याचं प्रकाशन होतं. पुठ्ठ्यावर मनोऱ्याचं चित्र आणि खाली ठळक ओळ, "पहिल्या गणनेपासून अचूक".

"बसा. विचारा. मला लपवण्यासारखं काही नाही."

"तसबीर लावताना हॉलमध्ये किती माणसं होती, सर?"

"सहा," ते तत्काळ म्हणाले. "तुमची ती धरून. दात फुटलाय आता तिला, माणसांतच मोजायची ना?"

पुन्हाबाईला बरं वाटलं. एरवी हे गृहस्थ पाळणाघराच्या दारावरून जाताना नाकाला रुमाल लावत.

"तुम्ही कुठं होता?"

"मागं. तसबीर सरळ आहे का ते लांबूनच कळतं. मी मनोऱ्याच्या अलीकडं उभा राहून डावीकडं, उजवीकडं सांगत होतो. मध्ये ग्रंथपाल हातोडी न्यायला टेबलापाशी आले होते. ते लिहून घ्या."

"टिल्लीची गाडी टेबलाला लागूनच होती. तिच्याजवळ कुणी गेलं होतं का?"

"गाडीजवळ? मी तर नाही बुवा. मला लहान मुलांची भीती वाटते. एक रडलं की पहिला मी पळतो." ते हसले, पण हात पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून उगाच फिरत राहिला.

ग्रंथपालांनी मात्र तिला बसाही म्हटलं नाही.

"किती माणसं? पाच. मोजता येतं मला. हातोडी आणायला मी गेलो होतो, हो. कपाटात ठेवा म्हणून मी मागं लागलो होतो, तेही हो. साठ वर्षांचं लाकूड आहे ते, हवेनं फुगतं, हातानं झिजतं. मला चोरायचंच असतं तर वीस वर्षांपूर्वी चोरलं असतं. तेव्हा ते माझ्याच ताब्यात होतं." त्यांनी चष्मा काढला. डोळे अचानक म्हातारे दिसले. "थोरल्या सरांनी स्वतः घासलेली फळी आहे ती, बाई. कुणी जाळून टाकली असेल तर?"

खोटं बोलणारा माणूस असं विचारत नाही, असं पुन्हाबाईला वाटलं. पण वाटण्यानं काय होतं? वाटतं ते मोजता येत नाही.

मॅडमच्या खोलीत ती उभ्याउभ्याच बोलली. त्यांनीही सांगितलं, पाच. पुढं म्हणाल्या, "मी तुमच्याच शेजारी उभी होते. नजर सगळी वर तसबिरीकडं."

"मॅडम, त्या सांध्याला हात लावू नका म्हणालात, ते का?"

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. "संस्था साठ वर्षांची. मी तिच्याहून काही महिन्यांनीच मोठी, आणि जन्म इथलाच, सायकलच्या दुकानामागच्या गल्लीतला. आधी फळी येऊ दे. मग सांगते."

घड्याळात दोन वाजायला आले होते.

४

आता उरला हवालदार.

"सांगितलं ना ताई, प्रत्येकाची झडती घेतली. सुताराची पेटी उपसली. ग्रंथपालांचा कोट चाचपला, चिडले माझ्यावर. उपसंचालकांच्या हातात काही नव्हतंच. मॅडमची पर्ससुद्धा सोडली नाही, नोकरी गेली तरी बेहत्तर!"

"पुन्हा एकदा सांगता? बाहेर काय काय गेलं?"

"तेच. पेटी, कोट, पर्स. तुमची झोळी."

"अजून?"

"अजून काही नाही."

"आठवा. काही ढकलत नेलेलं? काही उचलून नेलेलं?"

"नाही हो. तुम्ही आपली ती गाडी घेऊन..." हवालदार थांबला. "ती? अहो, त्यात बाळ होतं! बाळाची काय झडती घ्यायची? मीच तर दार धरलं तुम्हाला."

सकाळपासून ती जगाला खोदून विचारत होती आणि हॉलबाहेर गेलेल्या वस्तूंत तिनं स्वतः ढकलत आणलेली गाडी धरलीच नव्हती.

ती व्हरांड्यात धावली. टिल्लीला उचलून खांद्यावर टाकलं. खालची जाळी बघितली, तिथं लावायचे राहिलेले फोटो होते, बाकी काही नाही. दुपटं काढलं. चादर काढली. गादीचं टोक वर केलं.

गादीखाली लाकूड होतं. हातभर लांब, बोटभर जाड, तिरपं सरकवून बसवलेलं, आणि एका टोकाला काळपट तुकड्याचा सांधा.

चोरीची फळी तिच्याच लेकीच्या अंगाखाली होती. आणि ती तिनं स्वतःच्या हातांनी, हवालदाराला "उपकार झाले" म्हणत, दाराबाहेर आणली होती.

५

पहिला विचार पळून जाण्याचा आला. दुसरा फळी गुपचूप हॉलमध्ये सारण्याचा. तिसऱ्या विचाराला टिल्ली रडली आणि बरंच झालं, कारण रडणाऱ्या पोरासमोर बाईला घाबरायला फुरसत नसते.

गादी तशीच खाली दाबून ती बाकावर बसली. मुलगी कण्हत होती ती उगाच नव्हे. मऊ गादीखाली असला धोंडा टोचत असताना कोण स्वस्थ पडेल? "आणि मी मेली ताप बघत बसले," ती पुटपुटली.

गादी वर करताना आणखी एक वस्तू दिसली होती. फळीच्याही खाली, तळाशी चेपलेला डावा मोजा. म्हणजे कुणीतरी टिल्लीला उचललं होतं. एका हातावर तिला घेऊन दुसऱ्या हातानं गादी उचकटली होती, त्या गडबडीत मोजा सुटून खाली पडला आणि त्यावर फळी बसली. टिल्ली परक्यानं उचलली तर रडत नाही, उलट तोंडभर हसते. म्हणून कुणाला काही ऐकूही आलं नाही.

पण कोणी? टेबलापाशी दोघं जण होते. एक हातोडी न्यायला आलेले, एक लांबून तसबीर बघणारे. तिनं डबा उघडला आणि केळं कुस्करून चमच्यानं भरवायला लागली. डोकं चालत नसलं तरी हात चालत होते.

टिक्.

चमचा कशावर तरी वाजला.

तिनं पुन्हा चमचा लावला. टिक्. तिनं बोट घालून चाचपलं. खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढं, करकरीत, पांढरं काहीतरी.

"अगं बाई!" ती एकटीच हसली, डोळ्यांत पाणी आलं. "दात! टिल्ले, तुला दात आला! आणि आईला पत्तासुद्धा नाही!"

मग तिचं हसू थांबलं. चमचा हवेतच राहिला.

आईला पत्ता नव्हता. मग दुसऱ्या कुणाला होता?

६

तीनला पंधरा मिनिटं कमी असताना पुन्हाबाईनं सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. गाडी ढकलत मनोऱ्यापाशी आणली, टिल्लीला कडेवर घेतलं, गादी उचलली आणि फळी टेबलावर ठेवली.

"बघा!" ग्रंथपाल ओरडले. "मी काय म्हणत होतो? यांच्याच गाडीत!"

"माझ्याच गाडीत," ती म्हणाली. "ही मी बाहेर नेली, ते खरं. ठेवली कुणी ते विचारायचंय. आज मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, हॉलमध्ये माणसं किती होती. मॅडम म्हणाल्या पाच. सुतारदादा पाच. तुम्हीही पाचच म्हणालात."

"होतीच पाच!"

"टिल्ली होती ना. तुम्ही तिला येताना टाळी दिलीत. मॅडमनी विचारलं, झोपली का. तरी मोजताना कुणी धरली नाही. आपल्याला ही गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात, आपण गावाला ती शिकवत फिरतो, आणि आपल्याच हॉलमध्ये तान्हं मूल सगळे विसरलो. तिची गाडी मीसुद्धा विसरले. एकच माणूस विसरला नाही."

सगळे दशांशसरांकडे वळले.

"आता अचूक असणं हाही गुन्हा का?" ते म्हणाले.

"मुळीच नाही, सर. मी मनात तुमचं कौतुकच केलं होतं. पण तुम्ही सहा का म्हणालात, ते पुन्हा एकदा सांगता?"

"कारण... ती होती. दात फुटलाय तिला, माणसांतच..." ते अडखळले.

"दात फुटलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणाला असाल."

"मला दोन वाजल्यानंतर कळलं, चमचा वाजला तेव्हा. तुम्ही त्याच्या आधी बोललात. दात एवढासा आहे, ती तोंडभर हसली आणि तोंड अगदी नाकाशी असलं तरच दिसतो. तुम्ही म्हणालात गाडीच्या जवळही गेलो नाही. मग तुम्ही तिला हसताना कुठं बघितलंत, सर?"

टिल्लीनं आपलं नाव निघाल्यासारखं तोंड उघडलं आणि दशांशसरांकडे बघून हसली. कणी चमकली.

दशांशसरांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"मी चोर नाही," ते म्हणाले. "पाच वाजेपर्यंत लपवायची होती फक्त. समिती गेली की परत ठेवणार होतो. अखंड फळी करून घेतो म्हटलं, मॅडमनी ऐकलं नाही. तो सांधा बघितला की कुणीही विचारणार, हे का जोडलं? आणि माझ्या पुस्तकावर छापलंय, पहिल्या गणनेपासून अचूक. दारात झडती होती. गाडी दिसली. बाळाला कोण तपासतंय?" मान आणखी खाली गेली. "या बाईवर आळ आला तेव्हाच बोलायला हवं होतं. सकाळपासून जीभ उचलली नाही."

"जीभ उचलली नाही?" मॅडमचा आवाज चाबकासारखा आला. "हिची नोकरी जात होती, सर!"

इतक्यात हवालदार धापा टाकत दारात आला.

"मॅडम, समिती! दहा मिनिटं आधीच आली. जिना चढतायत!"

७

जिन्यावर बूट वाजत होते. मॅडमनी फळी उचलली. सगळ्यांना वाटलं, आता त्या ती झटकन खाचेत सारतील. त्यांनी ती दशांशसरांच्या हातात दिली.

"तुम्हीच बसवायची. समितीच्या देखत. आणि सांधा कसा आला, तेही तुम्हीच सांगायचं. अचूक सांगायचं."

समितीपाठोपाठ निमंत्रित पाहुणे आणि विद्यार्थी आत आले आणि हॉल भरला. समितीचे अध्यक्ष म्हणजे उभट, कोरडे गृहस्थ. हसण्यावर कर लागतो असं त्यांना कुणीतरी लहानपणी सांगितलं असावं. त्यांनी रिकामी खाच बघितली, फळी धरून उभे असलेले उपसंचालक बघितले आणि एक भुवई वर केली.

दशांशसरांनी घसा खाकरला. पहिली दोन वाक्यं चाचरत आली. मग, कसं कोण जाणे, पाठ सरळ झाली.

"ही आमची पहिली चूक," ते म्हणाले. "थोरल्या सरांनी पहिली पाहणी केली, आकडे छापले, वाहवा झाली. चार बाया छत्र्या घेऊन घरोघर फिरल्या होत्या. त्यांतली एक परत एका गल्लीतून जात होती. तिनं दोऱ्यांवर लंगोट वाळताना बघितले. आणि आमच्या आकड्यांत त्या घरांत मूलच नव्हतं."

पुन्हाबाईच्या डोळ्यांसमोर जाळीतला तो जुना फोटो आला. चार बाया, छत्र्या, कॅनव्हासचे बूट. तिघी समोर बघताहेत आणि चौथी मान वळवून वर, बाहेर, कशाकडे तरी. तो फोटो वाकडा आलाय म्हणून ती सकाळी लावणारच नव्हती.

"ती त्या घरांत परत गेली. विचारलं, मांडीवर कुणी आहे का? आया म्हणाल्या, आहे की, पण ते अजून माणसांत कुठं आलंय? थोरल्या सरांनी छापलेला आकडा स्वतः रद्द केला. सगळं गाव पुन्हा पालथं घातलं. सुटलेली मुलं निघाली, तितका तुकडा या फळीला जोडला. पुढं प्रत्येक पाहणीत तो प्रश्न घातला, दुसऱ्या संस्थांनी तो आमच्याकडून उचलला. आमचे पाच मजले त्या प्रश्नावर उभे आहेत. मी हे माझ्या इतिहासातून गाळलं." त्यांनी फळी खाचेला लावली आणि सरकवली. लाकूड लाकडात बसल्याचा गच्च आवाज आला. "पुस्तक आज प्रकाशित होणार नाही. पहिलं प्रकरण पुन्हा लिहायचंय."

ग्रंथपाल चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

मॅडम पुढं आल्या आणि काळपट तुकड्यावर बोट ठेवलं.

"त्या गल्लीतल्या एका घरात माझी आई होती. तिनं पहिल्यांदा चारच माणसं सांगितली. दुसऱ्या वेळी पाच." त्या हसल्या. "तेव्हा मी या सांध्यात आहे, साहेब. म्हणून रंग मारू दिला नाही."

अध्यक्ष वाकले. त्यांनी सांध्यावरून नख फिरवलं, ते कुठंच अडलं नाही.

"आमची कधीच चूक झाली नाही, असं सांगणाऱ्या पुष्कळ संस्था बघितल्या," ते सावकाश म्हणाले. "चूक पॉलिश करून दर्शनी टेबलावर ठेवणारी ही पहिली. माझी शिफारस झाली म्हणून समजा." आणि कर भरायची तयारी असल्यासारखे ते चक्क हसले.

टाळ्या आधी सुतारानं वाजवल्या. मग सगळ्या हॉलनं. टाळ्या कशासाठी ते न कळता टिल्लीही हात आपटू लागली.

चहाच्या वेळी ग्रंथपाल पुन्हाबाईपुढं येऊन उभे राहिले. "मी सकाळी जे बोललो..."

"पुन्हा एकदा सांगता?" ती म्हणाली.

"नाही सांगत!" ते म्हणाले आणि दोघंही हसली. मग हळूच पुढं झाले. "तो फोटो दारासमोर लावू या. ती बाई बाहेर बघतेय तो."

दशांशसर लांब उभे होते. शेवटी जवळ आले. खिशातून डावा मोजा काढून दिला. मघाशी फळी काढताना गाडीतून टेबलाखाली पडलेला त्यांनी उचलून ठेवला होता. पुन्हाबाईनं घेतला आणि म्हणाली, "एवढंच करा, सर. नव्या प्रकरणात त्या चौथ्या बाईचं नाव शोधून घाला." त्यांनी मान हलवली, अगदी मनापासून.

मॅडमनी त्याच संध्याकाळी दोन गोष्टी मोठ्यानं जाहीर केल्या, म्हणजे कुणाला विसरायला जागा राहू नये. पुन्हाबाईची नेमणूक आजपासून कायम. आणि पाळणाघर कुठंही जाणार नाही. ते उद्यापासून मोठ्या खोलीत भरेल आणि संगणक तळमजल्याच्या कोपऱ्यात जातील. "त्यांना ऊन नसलं तरी चालतं," मॅडम म्हणाल्या, "पोरांना हवंच."

पाहुणे पांगले तेव्हा हवालदार दारात उभा राहून समारंभाला आलेली माणसं मोजून सांगत होता. मॅडमना हा आकडा प्रत्येक समारंभाला लागतो.

"एकशे सव्वीस," तो ठणकावून म्हणाला.

पुन्हाबाई टिल्लीला कडेवर घेऊन, रिकामी गाडी ढकलत त्याच्यासमोर थांबली. "पुन्हा एकदा सांगता?"

हवालदारानं तिच्याकडं बघितलं. मग तिच्या कडेकडं. टिल्लीनं एक दात दाखवला.

हवालदारानं टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

"एकशे सत्तावीस!"